उसनं दिलेलं वय

आमच्या नाम दिन्ह शहरात वय उसनं मिळतं. घर बांधायचंय, दुकान काढायचंय आणि नेमकं त्याच वर्षी तुमचं नशीब फिरलेलं आहे असं ज्योतिषी म्हणाला, की ज्याचं वर्ष बरं चाललंय अशा माणसाला गाठायचं. त्याला विनवून आपल्या पूर्वजांच्या देव्हाऱ्यापुढे उदबत्ती लावायला उभं करायचं. मग ते घर, ते दुकान त्याचं. वाईट वर्षं सरली की पुन्हा देव्हाऱ्यापुढे बसायचं, लाल कागदावर दोन ओळी लिहायच्या, त्याच्या हातावर नावापुरती एक नोट ठेवायची आणि आपली वस्तू आपण परत विकत घ्यायची. देणाऱ्याचं यात काही जात नाही असं म्हणतात. असं म्हणणारे सगळे घेणारे असतात, एवढं मी पाहिलंय.

मी निन्ह. पंखे आणि भाताचे कुकर दुरुस्त करतो. माझ्या दुकानासमोर रजयांचं दुकान आहे, आणि त्यात थोआ बसते. कापूस पिंजून त्याचा थर लावायचा, त्यावर दोऱ्याची जाळी टाकायची, लाकडी तव्यानं दाबत दाबत ती घट्ट करायची आणि मग खोळ चढवून टाके घालायचे, हे तिचं काम. लग्नसराईत खोळी लाल असतात. संध्याकाळी ती उठते तेव्हा तिच्या केसांवर, भुवयांवर कापूस असतो, आणि तरणी होती तेव्हापासून मला ती म्हातारीच दिसत आलीय.

ती समुद्राकडच्या मिठाच्या गावची. लग्न करून आमच्या गल्लीत आली. नवरा रेतीच्या पडावावर होता, तो तिसऱ्या वर्षी नदीत पडावासकट बुडाला. पोरबाळ नाही. तेव्हा तिची थोरली नणंद दिएप हिनं तिला ठेवून घेतलं. ठेवून घेतलं म्हणजे माडीवर गादी टाकायला जागा दिली आणि खाली सुई-दोरा हातात दिला. उत्तरेकडचा शत्रू परवडला पण नवऱ्याची बहीण नको, अशी आमच्याकडे म्हण आहे. दिएप तेवढी वाईट नव्हती. आवाज मोठा, हिशेब पक्का, ताटात मासा वाढताना मात्र हात सैल. थोआला तिनं उपाशी ठेवलं असं मी म्हणणार नाही.

आमच्याकडे बारा वर्षांच्या चक्रात दर वर्षाला एका जनावराचं नाव असतं. दिएपनं दुकान काढायचं ठरवलं ते बकऱ्याचं वर्ष होतं. ती स्वतः मांजराच्या वर्षी जन्मलेली, आणि मांजरवाल्यांचा तेव्हा तीन वर्षांचा वाईट फेरा चालू होता. नवऱ्याच्या नावानं काढावं म्हटलं तर तो डुकराच्या वर्षीचा, त्यालाही तोच फेरा. ज्योतिषी म्हणाला, घरात सापाच्या वर्षीचं कुणी आहे का? होती. थोआ.

"थोआ, तुझं वय दे गं," दिएप म्हणाली.

"घ्या की, वन्सं. माझ्या वयाचं मी तरी काय करतेय?"

मी तिथेच होतो, त्यांचा पंखा बसवत होतो. आम्ही तिघंही हसलो.

ज्योतिषाचं म्हणणं असं की नुसती उदबत्ती पुरायची नाही, सरकारी परवान्यावरही थोआचंच नाव हवं, नाहीतर फेरा कागदावरून आत शिरेल. म्हणून परवाना थोआच्या नावाचा झाला. पाटीही तशीच लागली: 'थोआ रजई भांडार'. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. सोनुबाई पहाटे उठून कापूस पिंजायची आणि महिनाअखेरीला नणंदेकडून पगार घ्यायची.

फेरा संपला, तेव्हा दिएपनं रीतसर दुकान परत विकत घेतलं. अख्खी उकडलेली कोंबडी, चिकट भात, पान-सुपारी, तांदळाची दारू. लाल कागदावर थोआनं सही केली, दिएपनं तिच्या हातावर नोट ठेवली. साक्षीला मी. कोंबडीची तंगडी मी खाल्ली. पूर्वजांच्या दरबारी दुकान दिएपचं झालं. सरकारच्या दरबारी नाव बदलायला उद्या जाऊ, परवा जाऊ म्हणता म्हणता राहून गेलं. पाटी रंगवायला खर्च, शिक्क्याला खर्च, आणि गिऱ्हाइकांना थोआचं नाव तोंडपाठ झालेलं. शिवाय ज्यांच्यापुढे खोटं बोलायची भीती वाटते त्यांच्यापुढे तर सगळं सरळ झालं होतं. सरकारला कोण भितं?

आता विम्याचं. दुकान उघडलं त्याच वर्षी विमा कचेरीचा एक माणूस गल्लीत आला आणि सांगून गेला की परवाना असलेल्या प्रत्येक दुकानानं म्हातारपणाचा हप्ता भरायचा, मालकानं आणि कामगारानं दोघांनीही. सक्तीचं आहे. गल्लीनं त्याला शिव्या घातल्या. दिएपनं सर्वांत जास्त. पण दंडाचं नाव ऐकून ती गप झाली आणि भरू लागली. कागदावर थोआ मालकीण, दिएप तिची कामगार. थोआचा हप्ता थोआच्या पगारातून कापला जायचा. दर महिन्याला दात उपटल्यासारखं तोंड करून दिएप पैसे भरायला जायची आणि आल्यावर म्हणायची, "घाला, सरकारच्या मढ्यावर घाला."

थोआ मात्र महिन्याच्या सुरुवातीला न चुकता विचारायची, "वन्सं, हप्ता गेला ना?"

ती कधी काही मागायची नाही, नवी चप्पलसुद्धा नाही. हे एवढंच विचारायची. एकदा मी तिला म्हटलं, "एवढं काय आहे त्या हप्त्यात?"

"दादा, पेन्शन सुरू झाली की मी गावाला जाणार. देवळामागे माझ्या मामेबहिणीची एक खोली रिकामी आहे. भाडं थोडंच घेईल."

"आणि तिथे काय आहे?"

"वारा आहे," ती म्हणाली. "कापूस नाही."

तेव्हा तिचा खोकला नुकता सुरू झाला होता. पुढे तो गल्लीला घड्याळासारखा झाला. ती खोकली की समोरच्या चहावालीला कळायचं, दुकान उघडलं. डॉक्टर म्हणाला, कापसात बसू नका. हे सांगायला डॉक्टर कशाला हवा होता?

वीस वर्षं भरली ती दोघींची एकदमच. दिएप साठीला आलेली, थोआ तिच्याहून दोन वर्षांनी लहान. दोघींनी ठेवणीतले कपडे घातले. दिएप मुलाच्या, किएनच्या, मोटारसायकलवर बसली आणि थोआ माझ्या. वाटेत तिनं एकदाच तोंड उघडलं. म्हणाली, "दादा, गावाला जाताना कुकर कुठला घेऊ? एकटीपुरता?" मी म्हटलं, मी देईन तुला एक, जुना पण चांगला.

खिडकीत एक तरुण कारकून होता. सभ्य मुलगा. त्यानं दिएपचे कागद पाहिले आणि म्हणाला, "मावशी, तुमचं झालं. पुढच्या महिन्यापासून पेन्शन चालू." मग थोआचे कागद पाहिले, पुन्हा पाहिले, आत जाऊन कुणाला तरी विचारून आला.

"थोआ मावशी, तुम्ही तर मालकीण आहात."

"हो," थोआ म्हणाली. आणि मग, "म्हणजे नाही. कागदावर."

"मालकांना हा हप्ता त्या वेळी लागूच नव्हता. फक्त कामगारांना होता. तुमच्याकडून पैसे घ्यायलाच नको होते."

"पण घेतले ना?" मी मध्ये पडलो.

"चुकून घेतले गेले, काका."

"वीस वर्षं चुकून?"

"मी तेव्हा शाळेत होतो," तो म्हणाला. त्याच्यावर काय चिडणार? दुसऱ्यांची उष्टी काढायला बसवलेलं पोर ते.

तो आवाज खाली आणून म्हणाला, "पैसे परत मिळतील. पण ही वर्षं धरता येणार नाहीत." मग त्याला काय वाटलं कुणास ठाऊक, पुढे म्हणाला, "खरी मालकीण दुसरी कुणी असेल आणि तिनं तसं लिहून दिलं, तर मात्र बघता येईल. मग तुम्ही कामगार ठरता. अर्थात मग तिची वर्षं जातात."

म्हणजे पेन्शन एक, आणि बायका दोन. खरं सांगितलं तर थोआची, कागदाचं ऐकलं तर दिएपची. आम्ही सगळे दिएपकडे बघायला लागलो. दिएप पिशवीच्या बंदाला गाठ मारत होती. मारलेली सोडत होती, पुन्हा मारत होती.

थोआच म्हणाली, "चला वन्सं, घरी जाऊ."

संध्याकाळी दिएप रडली. खोटं नव्हे, खरं रडली. मी दुकानात उभा होतो. "थोआ, मला साखर आहे, गुडघे गेलेत. किएनच्या बायकोच्या हाताकडे बघत जगू का मी? मी आहे तोवर पेन्शनीतलं अर्धं तुझं. दर महिन्याला. देव्हाऱ्यापुढे सांगते."

"बरं, वन्सं."

"लिहून घे," मी थोआला म्हटलं.

दोघींनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी देव्हाऱ्यावर थुंकलोय. "घरातल्या घरात कागद?" दिएप म्हणाली. बाहेरच्या माणसानं किती बोलायचं?

त्यानंतर किएनला बँकेचं कर्ज हवं होतं, त्यासाठी परवाना त्याच्या नावावर हवा होता. कारकुनानं थोआला सांगितलं होतं की घाई नाही, पैसे राहू दिले तरी चालतील, पुढे काय ठरतं ते बघू. पण किएन म्हणाला, जुनं खातं मिटवलं की परवाना लवकर होईल. थोआनं सही केली आणि चुकून घेतलेले पैसे परत घेतले. त्यातला मालकाचा हिस्सा दुकानाच्या गल्ल्यातून गेला होता असं म्हणून किएननं तो ठेवून घेतला. उरलेले छातीच्या डॉक्टरानं खाल्ले.

दिएपबद्दल एक मात्र सांगितलं पाहिजे. तिनं शब्द पाळला. दर महिन्याला ती लठ्ठ बाई, गुडघ्यांवर हात ठेवत, माडीची शिडी स्वतः चढून जायची आणि लाल पाकिटात अर्धे पैसे थोआच्या हातात द्यायची. सुनेच्या हातून पाठवायची नाही. थोआ ते पैसे गावच्या खोलीसाठी साठवायला लागली. मामेबहिणीशी फोनवर बोलणं झालं. तेतचा, नव्या वर्षाचा सण झाला की जायचं ठरलं. गल्लीत सगळ्यांना वाटायचं, ही खोकणारी काय फार दिवस काढत नाही, दिएपचे अर्धे पैसे लवकरच वाचणार. मलाही वाटायचं. दिएपलाही वाटत असणार, म्हणून तर शब्द देताना तिला जड गेलं नाही.

आणि तेतच्या आधी, थंडीतल्या एका सकाळी, दिएप बाजारात मासा निवडता निवडता खाली बसली ती उठलीच नाही.

थोआनं सुतकाचं पांढरं फडकं डोक्याला बांधलं आणि जेवढं रडायचं तेवढं रडली. लाल पाकिटाचा दिवस आला तेव्हा ती माडीवरून खाली आली आणि किएनसमोर उभी राहिली. तो पोर वाईट बोलला असंही नाही. म्हणाला, "मामी, ती पेन्शन आईची होती. आई गेली, ती पण गेली. आता कुणालाच मिळत नाही." खरंच होतं ते. अर्धं करायला अख्खं तर असावं लागतं. साठवलेल्या पैशांतून दिएपच्या श्राद्धाला थोआनं आपला वाटा घातला, कारण धाकट्या भावाच्या बायकोनं तो घालायचा असतो. गावची खोली मामेबहिणीनं दुसऱ्याला दिली.

उन्हाळ्यात सकाळी वॉर्डाचा भोंगा बोलायला लागला. रोज तो कचऱ्याच्या वेळा सांगतो, म्हणून कुणी ऐकत नाही. त्या दिवशी मी पंखा खाली ठेवून ऐकलं. नवा कायदा झाला होता. आता लहान दुकानांच्या मालकांनाही म्हातारपणाचा हप्ता सक्तीचा. आणि ज्या मालकांनी आधी भरला होता, त्यांची ती वर्षं धरली जाणार.

मी रस्ता ओलांडून धावलो. "थोआ, अगं तुझी वर्षं धरतायत."

तिनं सुई थांबवली. इतक्या वर्षांत तिचं तोंड असं उजळलेलं मी पाहिलं नव्हतं, आणि पुन्हा पाहीन असं वाटत नाही. माझ्या मोटारसायकलवर बसताना तिनं भुवयांवरचा कापूस पुसला.

तोच कारकून. त्यानं आम्हाला ओळखलं, आणि ओळखल्याबरोबर त्याचा चेहरा पडला.

"मावशी, तुम्ही पैसे परत घेतलेत ना?"

"घेतले."

"मग त्या पैशांबरोबर वर्षंही गेली. ज्यांनी पैसे राहू दिले त्यांचीच धरलीत."

"मी परत भरले तर?"

"तशी सोय नाही, मावशी."

तुझ्याकडे तेवढे पैसे आहेत तरी का, असं मी तिला विचारलं नाही. कारकून उठून आमच्यासाठी चहा घेऊन आला. म्हणाला, "पंचाहत्तरी झाली की वृद्धांचा भत्ता मिळेल. थोडा असतो, पण मिळेल."

"तोवर कापूस राहील, बाळ," थोआ म्हणाली. "मी राहायची नाही." चहा तिनं सगळा प्यायला, थांबून, फुंकर घालत. दिलेलं टाकू नये म्हणून.

गल्लीत पुढचे दोन महिने नव्या हप्त्याच्या नावानं शिमगा चालला. मीही भरतो आता, आणि शिव्या देऊन भरतो. पण किएन अगदी जळत होता. पुलाजवळ त्याला दुसरं दुकान काढायचं होतं. एक दिवस तो माझ्या फळीवर येऊन बसला, हुक्का ओढला आणि खुशीत म्हणाला, "काका, जमलं. मी बकऱ्याच्या वर्षीचा, माझा फेरा सुरू झालाय, त्यात आईला जाऊन वर्षही झालं नाही. ज्योतिषी म्हणाला वय उसनं घे. मामीचं बसतंय."

"पुन्हा?"

"आणि गंमत ऐका. मालकाचं निवृत्तीचं वय उलटलेलं असलं ना, तर हा हप्ता लागूच होत नाही. परवाना मामीच्या नावावर काढला की एका दगडात दोन पक्षी."

मला जे काही येतं ते सगळं मी त्याला ऐकवलं. तुझ्या आईनं निदान हप्ता तरी भरला, म्हटलं. आयत्या बिळावर नागोबा आहेस तू, म्हटलं. तो हसत होता. त्याला खरंच कळत नव्हतं मी का चिडलोय ते. "मामीचं काय जातं यात?" तो म्हणाला.

मी समोर गेलो. थोआ टाके घालत होती. मी म्हटलं, "नाही म्हण. एकदा तरी नाही म्हण."

"नाही म्हणून राहू कुठे?" ती म्हणाली. "माडी त्याची आहे, दादा."

"एकदा वय दिलंस त्याचं काय झालं ते पाहिलंस ना?"

तिनं दोरा दातांनी तोडला. "तेव्हा वय होतं तरी माझ्याकडे. आता घेणाऱ्याला घेऊ दे काय उरलंय ते."

विधी झाला. उकडलेली कोंबडी, चिकट भात, पान-सुपारी. थोआनं उदबत्ती लावली, तिला खोकला आला, राख देव्हाऱ्यावर सांडली. किएनची बायको हुशार. म्हणाली, मागच्या खेपेसारखं राहून जायला नको, परत घेण्याचं पण आत्ताच उरकू. फेरा संपायची वाट न बघता लाल कागद पुढे आला, थोआनं सही केली, नोट तिच्या हातावर पडली. पूर्वजांच्या दरबारी दुकान तासाभरात किएनचं. सरकारच्या दरबारी ते थोआचंच, आणि या खेपेला ते कुणी विसरलेलं नाही. मला साक्षीला बोलावलं होतं. मी गेलो, कोंबडीला हात लावला नाही.

पुलाजवळच्या दुकानाला मोठी पाटी आहे, दिव्यांची. नाव थोआचंच, गिऱ्हाइकाला ओळखीचं म्हणून. काल संध्याकाळी त्या दुकानाची मालकीण माझ्याकडे आली. काखेत एकटीपुरता जुना कुकर होता, मीच दिलेला. बटण दबत नाही म्हणाली. मी उघडून बघायला लागलो, तशी ती दारातच उभी राहिली.

"दादा, दुरुस्तीचे पैसे तेतनंतर दिले तर चालतील?"